डांबरकाकांची जीप

वसईजवळ गिरीजला आम्ही भाड्याने राहायला गेलो त्या दिवशी घरमालकांनी आमच्या सामानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते थेट आईच्या व्हीलचेअरपाशी आले, उकिडवे बसले आणि बोटाच्या पेराने खुर्चीची नळी वाजवून पाहू लागले. आई खुर्चीतच होती. हा कोण माणूस आपल्या पायाशी बसून टकटक करतोय म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय सांगणार? त्यांनी खालचा दांडा वाजवला, चाकाजवळचा सांधा वाजवला आणि मान वर करून मला विचारलं, "बाहेरून बरी दिसते. आतून काय आहे?"

हा प्रश्न ते नारळाला विचारत, कलिंगडाला विचारत, पुतणीला सांगून आलेल्या स्थळाबद्दल विचारत. देवळात नवे फादर आले (तिकडे चर्चला देऊळच म्हणतात) तेव्हा त्यांच्या पहिल्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, पायरीवर उभं राहूनही त्यांनी हेच विचारलं होतं, असं त्यांच्या बायको, आमच्या काकी, सांगायच्या. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. चेपलेल्या मोटारी आणि प्लॅस्टरमधले पाय बघून बघून धडधाकट वस्तूवर त्यांचा विश्वासच बसेनासा झाला होता. शेगडीची ज्योत पिवळी दिसली की ते म्हणत, हे असंच सुरू होतं. आईला शिंक आली तरी, हे असंच सुरू होतं. मी मुळात काळजीखोर बाई. दाराला कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारी. मला घर मिळालं ते अशा माणसाच्या अंगणात.

त्यांच्याकडे सगळ्या काळज्यांवर एकच औषध होतं, ते म्हणजे डांबर. किनाऱ्यावरचा एक कोळी मित्र त्यांना डबा आणून देई, होड्यांच्या बुडाला लावतात ते. वाडीचं फाटक, शिडीचे पाय, पडवीतल्या बाकाचे पाय, रहाटाचे खांब, फणसाची फांदी तोडली की तिचा थोटा, जे जे ओलाव्याने खराब होईल असं त्यांना वाटे ते ते त्यांनी काळं करून टाकलं होतं. गाव त्यांना तोंडावर डांबरकाका म्हणे. मी पहिल्यांदा अंकल म्हटलं तर ते नाराज झाले. म्हणाले, "अंकल रिक्षावाले म्हणतात. तू काका म्हण. पुढे डांबर लावलंस तरी चालेल."

दुसऱ्याच दिवशी आईची खुर्ची अंगणात उन्हाला ठेवली होती. मी आत भात लावून बाहेर येईपर्यंत तिच्या खालच्या सगळ्या नळ्यांना डांबर लागलं होतं. आईच्या दोन साड्यांचे काठ गेले ते गेलेच. मी संतापले, पण आईला हसू आवरेना. ती म्हणाली, त्या भाऊंना सांग, मी खुर्चीत असताना ब्रश घेऊन येऊ नका म्हणावं. त्या दिवसापासून ती त्यांना भाऊ म्हणू लागली आणि ते तिला ताई. आमच्या घरात न घाबरणारं माणूस ती एकटीच होती, आणि सगळ्यात जास्त कारण होतं ते तिलाच.

आईचं डायलिसिस सुरू होतं. एक दिवसाआड जावंच लागे. एक वेळ चुकली की पाय सुजत, श्वास लागे, आणि त्यापुढे काय होतं ते मला डॉक्टरांनी एकदा स्पष्ट सांगितलं होतं. हॉस्पिटल नालासोपारा पूर्वेला, म्हणजे रूळ ओलांडून पलीकडे. उन्हाळ्यात रिक्षा कशीबशी मिळे. पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या वळणावर पाणी भरे आणि मग रिक्षा नाही, टॅक्सी नाही, काही नाही. त्या पाण्यातून जाई ती फक्त काकांची जुनी जीप. एरवी ती वाडीतली केळी आणि भाजी न्यायला असे. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी आपण होऊन सांगितलं, ताईंना मी नेणार. भाडं विचारलं तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

खुर्ची आत घ्यायची त्यांची एक पद्धत होती. मागच्या बंपरवर दोन फळ्या अडकवायच्या आणि त्यांवरून आईसकट खुर्ची वर ढकलायची. पण त्याआधी काका क्रुसाची खूण करत, बंपर पेराने वाजवत आणि मग स्वतः त्यावर चढून उड्या मारत. सत्तरीचा माणूस, डोक्यावर टोपी, गळ्यातली रोझरीची माळ शर्टाबाहेर आलेली, आणि भर गल्लीत बंपरवर उड्या. येणारेजाणारे थांबून बघत. त्यांना त्याची फिकीर नसे. ते खाली उतरून दम खात आईला म्हणत, "या ताई." मग खुर्ची चढे. आई म्हणे, हा माणूस माझ्याआधी मरून बघतो आणि मग मला बोलावतो.

गाडी ते इतकी जपून चालवत की सायकलवाले पुढे जात. पाणी दिसलं की थांबत आणि मला काठी घेऊन खाली उतरवत. मी पुढे काठी टेकत चाले आणि मागून जीप येई. घरी परतलो की विहिरीच्या पाण्याचा पाइप लावून ते जीप आतून-बाहेरून धूत, कारण वसईची हवा खारी. आणि दर वर्षी पावसाच्या तोंडावर खाली चटई टाकून, तिच्यावर उताणं पडून गाडीच्या बुडाला डांबर लावत. कोपरान् कोपरा भरत. होडीला लावलेलं चालतं तर गाडीला का नाही चालणार, असं त्यांचं म्हणणं. मी निर्धास्त होते. मला वाटे, इतका भित्रा माणूस ज्या गाडीची काळजी घेतो तिला काय होणार आहे?

झालं ते मात्र एका भर दुपारी झालं. आईला हॉस्पिटलात सोडून काका तुळिंजच्या बाजारात बाजूला गाडी लावून बसले होते. पाण्याचा एक टँकर मागे घेताना जीपवर आला. काका आतच होते. लागलं काही नाही, पण बंपर एका बाजूने सुटून लोंबू लागला. ते हॉस्पिटलात आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मला वाटलं, माणूस गेला कुणीतरी. परतीला त्यांनी आईला जीपमध्ये बसूच दिलं नाही. ॲम्ब्युलन्स बोलावली, स्वतः तिच्यात चढले आणि चालकाला सारा रस्ता ब्रेकबद्दल विचारत राहिले. आभाळ भरून आलं होतं. परवा पुन्हा जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा घेतली. घरी बसून काही सुचेना म्हणून काकांबरोबर जूचंद्रच्या गॅरेजवर गेले. गॅरेजवाला त्यांच्या नोकरीपासूनचा ओळखीचा, गडगड बोलणारा, हातात कायम तीन कामं. त्याने जीप आदल्या संध्याकाळीच ओढून आणली होती आणि नवा बंपरही आणून ठेवला होता. म्हणाला, "काका, जुना काढला, नवा लावला, झालं. चा पिऊन होऽत नाय तोवर गाडी तुमची."

मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. पण काकांनी जुना बंपर उतरल्यावर त्याला थांबवलं. बंपर ज्यावर बसतो ती चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, मागच्या टोकाची आडवी पोकळ तुळई, क्रॉसमेंबर म्हणतात तिला. चेसीच्या दोन लांब दांड्यांना तीच मागून धरून ठेवते. टँकरच्या धक्क्याने ती एका बाजूला जराशी आत गेली होती. गॅरेजवाला म्हणाला, तेवढं ठोकून सरळ करू. काकांनी पाना घेतला आणि एका टोकापासून ती वाजवत निघाले. डावीकडे खणखणीत वाजली. उजवीकडे येताच आवाज बसला. त्यांनी पुन्हा वाजवलं. गॅरेजवाला वैतागून म्हणाला, "आवाज काय ऐकता काका? गाडी हाय, तबला नाय."

मीही वैतागले होते. आभाळ काळं होत चाललं होतं आणि हे टकटक करत बसले होते. मी म्हटलं, काका, तो म्हणतोय तसं करू द्या ना. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खालच्या बाजूचं डांबर खरवडायला लागले. थरावर थर निघत होते, कितीतरी वर्षांचे. मग स्क्रू ड्रायव्हर थांबला नाही. तो मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो उपसला तसं तपकिरी पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यात पाल्याचा चुरा होता आणि गंजाचे तुकडे होते.

काका पाणी पुसायचं विसरून हाताने खालची बाजू चाचपत होते. डांबर नखाने उकरत त्यांनी एक भोक मोकळं केलं, मग दुसरं. कंपनीनेच ठेवलेली भोकं होती ती, आत गेलेलं पाणी खाली गळून जावं म्हणून. वरच्या बोल्टांच्या खाचांतून पाणी आत जात होतं. दर वेळी धुतल्यावर जात होतं. आणि बाहेर यायचा रस्ता त्यांनी स्वतः, चटईवर उताणं पडून, दर वर्षी काळजीने लिंपून टाकला होता.

ते म्हणाले, "पाण्याला वाट होती. ती मी बुजवली."

गॅरेजवाला चांगला माणूस. तो हसला नाही. म्हणाला, होतं काका, समुद्राकडच्या गाड्या, आता कुजलेलं कापून काढू नि नवीन बसवू. पण काकांना ते ऐकू गेलंसं वाटलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई ह्याच्यावरून चढत होत्या, बाय."

फळ्या, खुर्ची, आई, मागून ढकलणारी मी, सगळा भार त्या एका तुळईवर. आणि त्याआधी त्यांच्या उड्या. कुठल्या तरी उडीला ती तुटायला हवी होती, कुठल्या तरी दिवशी खुर्ची उलटायला हवी होती. तसं झालं नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. ते तिथेच तोंड लपवून खाली बसले, आणि त्या म्हाताऱ्याकडे बघून मला फक्त त्यांच्यासाठी भीती वाटली.

काम मोठं निघालं. बॅटरीच्या वायरी सोडल्या, डिझेलच्या टाकीवर ओली पोती टाकली. चेसी हलू नये म्हणून खाली लोखंडी टेकू, घोडे म्हणतात ते, लावले. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरून बघितलं की दोन्ही दांड्या सरळ आहेत ना. कापायला सुरुवात केली तसे गंजाचे पापुद्रे खारी बिस्किटासारखे गळून पडू लागले. एरवी काकांनी प्रत्येक गोष्टीला दहा प्रश्न विचारले असते. आज ते एका टायरवर बसून होते. मी चहा आणला, तो निवला. मी म्हटलं, काका, धक्का बसला म्हणून तर कळलं. त्यांनी मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळलं नाही.

आणि मग लाइट गेली. वेल्डिंग अर्ध्यावर. तिकडे लाइट गेली की कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. पाऊस सुरू झाला, पत्र्यावर आवाज इतका की बोलणं ऐकू येईना. मी सारखी घड्याळ बघत होते. आईचा फोन आला, तर तिला म्हटलं, सगळं व्यवस्थित चाललंय. ती म्हणाली, तुझा आवाज तसा वाटत नाही. संध्याकाळी लाइट आली तेव्हा मी खरोखर टाळ्या वाजवल्या.

नवी तुळई बसली, सांधे घासून झाले, प्रायमर झाला. गॅरेजवाल्याने सवयीने विचारलं, "वरून तुमचं डांबर मारू का काका? डबा गाडीतच हाय." काका पहिल्यांदा उठले. म्हणाले, "नको. आधी भोकं दाखव." त्याने खाली पाडलेली भोकं दाखवली. काकांनी पाण्याची बाटली घेतली, वरच्या खाचेतून ओतली आणि खाली वाकून बघत बसले. पाणी खालून आलं. त्यांनी पुन्हा ओतलं. बाटली संपेपर्यंत ओतत राहिले. मग म्हणाले, आता बंपर लाव.

सकाळी वळणावर गुडघाभर पाणी होतं. आई खुर्चीत तयार बसली होती, पाय सुजलेले. जीप अंगणात उभी, नवा बंपर चमकत होता, मी फळ्या आणल्या होत्या. आणि काका किल्ली हातात घेऊन पडवीतून खालीच उतरेनात. म्हणाले, ॲम्ब्युलन्स बोलव. मी फोन केला. ॲम्ब्युलन्सचा चालक म्हणाला, नाक्यापर्यंत येतो, पुढे पाण्यात गाडी घालणार नाही. मी काकांना समजावलं, काकींनी त्यांच्या घरच्या बोलीत बरंच काही सुनावलं, त्यातलं मला अर्धंच कळलं. ते उतरले, बंपर वाजवला. खणखणीत वाजला. पुन्हा वाजवला. मग आईसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मला माझ्या कानांचा भरवसा नाही राहिला."

पावसाचे थेंब त्यांच्या टोपीवरून टपकत होते. आईला धाप लागली होती, तरी आवाज नेहमीचाच होता. "भाऊ, तुम्ही आज उडी नाही मारलीत."

त्यांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

"मी तर दर वेळी तुमच्या उडीच्या भरवशावर चढत होते. मारा."

ते बंपरवर चढले, दांडा धरून. एक हलकीशी उडी मारली. आई म्हणाली, "आणखी जोरात. मी काय एवढीच आहे?" त्यांनी आणखी जोरात मारली. जीप खाली बसली आणि वर आली. मग मारतच राहिले, चिखलाचे शिंतोडे उडाले, रोझरी शर्टाबाहेर आली. काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, मला समजलं नाही. मी रडत होते. मला लपवायचंही नव्हतं. शेवटी ते खाली उतरले, दम खाल्ला आणि म्हणाले, "या ताई."

पाण्यातून मी काठी टेकत पुढे चालले, जीप मागून आली. हॉस्पिटलच्या दारात आईला उतरवल्यावर काका दिसेनात म्हणून बघते तर ते भर रस्त्यात गुडघ्यांवर बसून जीपच्या मागे खाली वाकले होते. त्यांनी हाताने मला बोलावलं. नव्या भोकांतून पाणी थेंब थेंब पडत होतं. ते मला दाखवून म्हणाले, "गळतंय, बाय." जन्मभर गळतीला घाबरलेला माणूस इतका खूश मी कधी बघितला नव्हता.

त्यानंतर स्टेअरिंगवर त्यांनी मला बसवलं. आधी कितीतरी दिवस वाडीतल्या केळींमधून फिरवून शिकवलं, ओरडून ओरडून. पाणी दिसलं की ते स्वतः काठी घेऊन उतरत. डांबराचा डबा पडवीतच राहिला, पण आता ते काही लावायच्या आधी वस्तू उलटी करून बघत. आईची खुर्चीसुद्धा एकदा उलटी केली आणि नळ्यांची टोकं चाकूने खरवडून मोकळी केली. स्वतःला मात्र त्यांनी कधी तपासू दिलं नाही. आई म्हणे, एकदा आतून बघून घ्या भाऊ. ते हसत आणि विषय बदलत. पावसाळा संपल्यावर एका पहाटे झोपेतच गेले. सगळ्यांना वाटे की ह्या घरातून आधी आई जाईल, आणि ती राहिली.

देवळात मिस्सा होती. काकींनी निरोप पाठवला की ताईंना जीपमधूनच आणा. घरापासून गल्लीपर्यंत माणसं उभी होती, काळे-पांढरे कपडे घालून, सगळी गप्प. मी जीप मागे घेतली, फळ्या अडकवल्या आणि आईची खुर्ची ढकलायला लागले. तिने चाकावर हात ठेवून खुर्ची थांबवली.

"आधी तू."

मी म्हटलं, आई, लोक बघतायत. ती म्हणाली, बघू देत. मग मी बंपर पेराने वाजवून बघितला आणि पांढऱ्या साडीच्या निऱ्या हातात धरून त्यावर चढले. दारात उभ्या असलेल्या काकी माझ्याकडे बघत होत्या. मी उडी मारली.

आई म्हणाली, "आणखी जोरात."